एका पडद्याचे चार तुकडे

प्रश्न : निन्टेन्डो ६४ या कन्सोलवरील ‘गोल्डनआय ००७’ या जेम्स बाँडच्या नेमबाजीच्या गेमचा विषय निघाला की जो तो त्याच्या मल्टिप्लेअरचेच, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या प्रकाराचेच, कौतुक करतो. मी तो अलीकडेच प्रथम खेळलो. चित्र धूसर आहे, वेग मंद आहे आणि एकच पडदा चौघांसाठी चार चौकोनांत विभागलेला असल्याने प्रतिस्पर्धी कुठे लपला आहे, हे त्याच्याच चौकोनात सरळ दिसते. मग एवढे कौतुक कशाचे? शिवाय मी ऑडजॉब हे पात्र निवडताच मित्र चिडले, ते का?

उत्तर : तुम्हाला खटकलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन मान्य करायलाच हव्यात. एकच दृश्य चौघांसाठी चार वेळा रेखाटताना यंत्राची दमछाक होते आणि स्फोटांमागून स्फोट होऊ लागले की चित्र अडखळत पुढे सरकते. तिसरी गोष्ट मात्र माझ्या मते या गेमचा प्राण आहे.

रेअर या ब्रिटिश कंपनीने ऑगस्ट १९९७ मध्ये हा गेम आणला. मार्टिन हॉलिस यांच्या नेतृत्वाखालील लहानशा चमूत बहुतेकांचा हा पहिलाच गेम होता आणि त्यांचे सारे लक्ष एकट्याने खेळायच्या मोहिमांवर होते. मल्टिप्लेअरची भर पडली ती अगदी अखेरच्या काही महिन्यांत आणि तिचे बरेचसे काम स्टीव्ह एलिस यांनी केले. त्या कन्सोलला चार कंट्रोलर थेट जोडता येत असल्यामुळे चौघांना शेजारी शेजारी बसून खेळणे सहज शक्य झाले.

आता ‘फॅसिलिटी’ या नकाशावर, म्हणजे गेममधल्या एका रणांगणावर, प्रॉक्सिमिटी माइन्स घेऊन एक सामना खेळून पाहा. कोणी जवळ येताच फुटणारा हा सुरुंग तुम्ही स्वच्छतागृहाच्या दाराआड चिकटवता, तेव्हा शेजारच्याने तिरप्या नजरेने तुमचा चौकोन पाहिलेला असतो. हे ठाऊक असल्यामुळे मुरलेला खेळाडू जमिनीकडे नजर लावून चालतो, म्हणजे तो कोणत्या खोलीत आहे हे इतरांना ओळखता येत नाही. तर दुसरा एखादा चिलखतालाच सुरुंग लावून, ते उचलायला कोण येतो याची वाट पाहत बसतो. परस्परांचे डाव दिसत असतानाही ते लपवण्याची ही धडपड मला फार मोलाची वाटते, कारण ती कुणी आखून दिलेली नव्हती, खेळणाऱ्यांनीच ती शोधून काढली.

ऑडजॉबचे म्हणाल, तर मित्रांचा राग रास्त आहे. ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटातला ऑडजॉब चांगला धिप्पाड असला, तरी गेममधला बुटका आहे. नेम आपोआप जुळवून देणारी सोय इतर पात्रांच्या उंचीला ठीक बसते, पण त्याच्या बाबतीत गोळ्या डोक्यावरून निघून जातात आणि ऐन झटापटीत नेम हाताने खाली आणावा लागतो. ऑडजॉब घेणे ही फसवणूकच आहे, असे गेम घडवणाऱ्यांनीही पुढे मुलाखतीत मान्य केले.

जानेवारी २०२३ मध्ये हा गेम स्विच आणि एक्सबॉक्स या कन्सोलवर पुन्हा आला आणि स्विचवर तो ऑनलाइनही खेळता येतो. तिथेही पडद्याचे चार तुकडे तसेच राहतात, पण शेजारी शेजारी बसणे संपते आणि त्याबरोबर अर्धी गंमतही जाते. म्हणून शक्य असेल तर चौघे एकाच खोलीत जमा, एका गोळीत बाद करणारा ‘लायसन्स टू किल’ हा प्रकार लावा आणि ऑडजॉब हवाच असेल, तर तो आळीपाळीने घ्या.