युरोपातल्या सरदार घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला टिआरा नक्की कोणाचा असतो?

तुम्ही विचारलंय की सासूकडून सुनेकडे जाणारा टिआरा, म्हणजे डोक्यावर घालायचा मुकुटासारखा दागिना, हे तिचं स्त्रीधन असतं का, आणि तो कायम घरातच राहतो का. स्त्रीधन बहुधा नसतं. आपल्याकडे आजीची नथ आईला मिळाली की ती आईची झाली, पुढे तिने ती कोणालाही द्यावी. तिथे मोठा टिआरा घराण्याच्या मालमत्तेत धरतात. सून तो लग्नात, मेजवानीत घालते आणि मग तो पुन्हा तिजोरीत जातो. डायनाने 1981 साली लग्नात माहेरचा, स्पेन्सर घराण्याचा टिआरा घातला होता. तो आजही स्पेन्सरांकडेच आहे.

पण घरातच राहतो का, याचं उत्तर मला एका दुसऱ्या टिआराने शिकवलं. 2022 साली पॅरिसला लूव्र संग्रहालयाच्या अपोलो दालनात मी तो पाहिला आणि त्या काचेपासून माझा पाय निघेना. खाली टपोऱ्या गोल मोत्यांची ओळ, मधे हिऱ्यांची वळणदार पानं आणि वर थेंबाच्या आकाराचे मोती, टोक वर करून उभे. एकूण 212 मोती आणि 1998 हिरे. हिरे चांदीत जडवलेले, कारण पांढरा खडा चांदीत जास्त खुलतो, आणि चांदीला मागून सोन्याचं अस्तर, म्हणजे ती केसांना, कपाळाला काळी लागत नाही. जुन्या कारागिराची ही काळजी बघून मला फार बरं वाटलं. मोती अर्थातच सगळे नैसर्गिक, कारण कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले मोती बाजारात यायला विसावं शतक उजाडावं लागलं. 212 मोती रंगाला रंग आणि आकाराला आकार जुळवून मिळवायचे म्हणजे काय, हे ज्यांनी नथीतला एक हरवलेला बसरा मोती जुळवायचा प्रयत्न केलाय त्यांना सांगायला नको.

हा टिआरा लमोनिए या जवाहिऱ्याने 1853 साली घडवला, तिसऱ्या नेपोलियनची नवी राणी युजेनी हिच्यासाठी. विंटरहाल्टरने काढलेल्या राणीच्या दरबारी चित्रात तो तिच्या डोक्यावर दिसतो. पण तोही तिचा नव्हताच, फ्रान्सच्या राजकोशातला होता. 1870 साली गादी गेली, युजेनी इंग्लंडला पळाली, दागिने मागे राहिले. राजेशाहीवाल्यांना पुन्हा आशा वाटेल असं काही शिल्लक नको म्हणून प्रजासत्ताक सरकारने मे 1887 मध्ये ते चक्क लिलावात काढले. लिलाव झाला लूव्रच्याच एका टोकाला, पाव्हियों द फ्लोर या भागात. युजेनी तेव्हा हयात होती. ती 1920 पर्यंत जगली.

इथून तो घराण्याचा दागिना झाला. थुर्न उंड टॅक्सिस हे जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचं घराणं, राज्य जिंकून नव्हे तर टपाल चालवून मोठं झालेलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपभर त्यांचे घोडेस्वार पत्रं नेत होते. 1867 साली प्रशियाने ती टपालसेवा ताब्यात घेतली, पण पैसा आणि सांक्ट एमेरामचा अवाढव्य वाडा राहिला. 1890 साली या घराण्याच्या प्रिन्स अल्बर्टचं ऑस्ट्रियाच्या आर्चडचेस, म्हणजे राजघराण्यातल्या, मार्गारेटेशी लग्न झालं, तेव्हा तिच्यासाठी हा टिआरा घेतला गेला.

शंभर वर्षं तो त्या घरात होता. 1980 साली 20 वर्षांच्या ग्लोरियाने तो लग्नात घातला. नवरा प्रिन्स योहानेस तिच्यापेक्षा 30 वर्षांहून जास्त मोठा. 1990 साली तो गेला आणि कर्जाचा डोंगर उघडा पडला, वर वारसा कर. वारस मुलगा सात वर्षांचा. सगळा कारभार ग्लोरियावर आला. पार्ट्यांमुळे गाजलेली ही बाई हिशेबाला बसली आणि तिने विकायला काढलं. नोव्हेंबर 1992 मध्ये जिनिव्हाला सदबीजच्या लिलावात तिच्या लग्नातला हा टिआरा गेला. काहींनी तिला नावं ठेवली. मला तिचं पटतं. दागिना गेला, पण वाडा राहिला, जंगलं राहिली आणि मुलाच्या हातात चालतं घर आलं. अडीनडीला गहाण पडलेल्या पाटल्या आपल्यापैकी कितीतरी घरांनी पाहिल्यात. तिने केलं ते त्याहून वेगळं मला वाटत नाही.

विकत घेतला तो लूव्रच्या मित्रसंस्थेने, आणि संग्रहालयाला देऊन टाकला. 105 वर्षांनी तो जिथे लिलावात गेला त्याच इमारतीत परत आला, आणि मग कोणीही तिकीट काढून बघावा असा 33 वर्षं तिथेच होता.

19 ऑक्टोबर 2025, रविवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास नदीच्या बाजूने सामान चढवायची शिडी असलेला ट्रक लावून चोर अपोलो दालनाच्या सज्जात चढले, यंत्राने काचा कापल्या आणि काही मिनिटांत निघून गेले. जे आठ दागिने गेले त्यात हा टिआरा होता. युजेनीचा मुकुट, हा वेगळा दागिना, चोर पळताना खाली पडला, तो मोडलेल्या अवस्थेत बाहेर सापडला.

त्या बातमीनंतर मला हिऱ्यांपेक्षा मोत्यांची काळजी जास्त लागली. चांदी वितळवता येते, हिऱ्याला नवे पैलू पाडून विकता येतं. मोत्याला सहसा पैलू पाडत नाहीत. पण टिआरातून सुटा केलेला मोती कुठल्याही दुसऱ्या मोत्यासारखाच दिसतो. हाताच्या ओंजळीत मावतील एवढेच तर ते आहेत.