ॲपच्या डेटाबेसमध्ये तारीख-वेळ टेक्स्ट म्हणून ठेवावी की आकडा म्हणून?

तुम्ही लिहिलंय की क्लासच्या फीचं अँड्रॉइड ॲप करताय, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी टेक्स्टमध्ये ठेवलीय आणि क्रम लावला की ३१ मार्चची पावती ५ एप्रिलच्या खाली जाते. यात एसक्यूलाइटची (अँड्रॉइडमधल्या डेटाबेसची) काही चूक नाही. त्याच्याकडे तारखेचा वेगळा प्रकारच नाही. तुमची तारीख त्याच्या लेखी दहा अक्षरं, आणि ०५ मधलं ० हे अक्षर ३१ मधल्या ३ च्या आधी येतं, संपलं.

टेक्स्ट की इंटिजर (म्हणजे पूर्ण आकडा), याला माझं उत्तर आहे: दोन्ही. पण एकाच गोष्टीसाठी नाही. जे अमुक क्षणी घडलं (पावती सेव्ह झाली, मेसेज गेला) ते इंटिजरमध्ये, १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. जो नुसता कॅलेंडरवरचा दिवस आहे (फीची मुदत, जन्मतारीख) तो टेक्स्टमध्ये, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने.

हे मी हात भाजून शिकलोय. एका दूध संकलन केंद्रासाठी ॲप केलं होतं, त्यात मिलिसेकंदांचा एकच कॉलम. केंद्रावरचा पोरगा संध्याकाळी लाइट गेली की वहीत लिहायचा आणि सकाळी ॲपमध्ये भरायचा. झालं, संध्याकाळचं दूध दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पाळीत! मग त्याने स्वतःच युक्ती काढली: फोनची तारीख एक दिवस मागे घ्यायची, नोंदी भरायच्या, परत पुढे करायची. मला हे कळलं तेव्हा कपाळाला हात लावला, पण चूक माझीच होती. मग तीन कॉलम केले: संकलनाचा दिवस, पाळी, आणि नोंद प्रत्यक्ष केव्हा झाली. पहिले दोन माणूस निवडतो, तिसरा ॲप आपोआप भरतं.

तरीही एक दणका बसलाच, आणि तो खास आपल्याला बसणारा आहे. ११ ते २० तारखेचं बिल काढलं तर एका शेतकऱ्याच्या पहिल्या तीन दिवसांचं दूध गायब. यादीत मात्र सगळं दिसतंय. डेटाबेस लॅपटॉपवर काढून पाहिला: १३ तारखेपर्यंतच्या ओळी इंग्रजी अंकांत, पुढच्या देवनागरीत. मधल्या काळात कोणीतरी फोनची भाषा मराठी केली होती. तारखेचं टेक्स्ट बनवणाऱ्या सिंपलडेटफॉरमॅटला मी फोनचंच लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं होतं, आणि मराठी लोकेलचे अंक मुळातच देवनागरी. बिलाची ‘पासून’ तारीखही देवनागरीत तयार झाली. देवनागरी अंक क्रमात इंग्रजी अंकांच्या नंतर लागतात, म्हणून आधीच्या तिन्ही दिवसांच्या ओळी ‘पासून’च्या अलीकडेच राहिल्या. स्क्रीनवर देवनागरी तारीख पाहून कोणाला काही खटकायचंही कारण नव्हतं. दहा अंकांसाठी दहा रिप्लेस एकात एक घालून मायग्रेशन (जुना डेटा बदलून घेणारा कोड) लिहिलं.

तेव्हा डेटाबेसमध्ये जाणारी तारीख कायम लोकेल रूटने (कुठल्याच भाषेशी न बांधलेल्या लोकेलने) लिहा, किंवा सरळ लोकलडेट (नुसत्या दिवसाचा प्रकार) वापरून त्याचं टू-स्ट्रिंग, म्हणजे टेक्स्ट रूप, ठेवा. फोनची भाषा फक्त दाखवताना.

जन्मतारीख मिलिसेकंदांत का नको? नुसता दिवस मिलिसेकंदांत ठेवला की तो त्या दिवशीच्या मध्यरात्रीचा क्षण होऊन बसतो. पुण्यात मध्यरात्री १२ वाजता दुबईत आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. पुण्यात भरलेली तारीख तिकडच्या फोनवर एक दिवस आधीची दिसेल. तुमचे ऑनलाइन क्लास अमेरिकेतल्या मुलांसाठी असतील तर पुढच्या तासाची स्थानिक वेळ आणि टाइम झोनचं नाव ठेवा, नुसता तासांचा फरक नको. तिथे बऱ्याच भागात मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ सरकवतात.

इंटिजर कॉलमसाठी कोटलिनमध्ये (ॲपच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) लाँग हा मोठ्या आकड्यांचा प्रकार घ्या, लहान इंट नाही. मिलिसेकंद इंटमध्ये मावतच नाहीत आणि सेकंद ठेवले तर इंटची जागा १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेने सकाळी ८:४४ ला संपते. ॲपमध्ये जानेवारी १९७० मधली तारीख दिसली तर समजा की सेकंद आणि मिलिसेकंदांची अदलाबदल झालीय.

आता तुमचा जुना डेटा. सबस्ट्रने (टेक्स्टचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनने) तुकडे करून उलटे जोडा: सातव्या अक्षरापासून चार, चौथ्यापासून दोन, पहिल्यापासून दोन, मध्ये डॅश. त्याआधी फाइलची कॉपी काढा आणि लेंग्थ १० नसलेल्या ओळी शोधा, कुठेतरी ‘५-४’ असं एकेरी अंकांत शिरलेलं असतंच. मात्र लेंग्थ नुसती अक्षरं मोजतं, त्यामुळे देवनागरी तारखांचीही लांबी १० च भरेल आणि त्या या चाळणीतून निसटतील. त्यांच्यासाठी वेगळी क्वेरी: पहिलं अक्षर इंग्रजी ० ते ९ मध्ये नाही अशा ओळी.