हॅमचा (हौशी रेडिओचा) हँडी, म्हणजे हातातला सेट घ्यायचाय, पण ट्रेकमधले 446 मेगाहर्ट्झचे वॉकीटॉकीही ऐकू यायला हवेत. कोणता घेऊ?

नव्या व्हीयू3 कॉलसाइनबद्दल (हॅम परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखनावाबद्दल) अभिनंदन! तुमचं म्हणणं असं की सेट एकच घ्यायचा, त्यावर हॅमचं बोलणंही व्हावं आणि ट्रेकला बाकीच्यांकडे असलेले विनापरवाना वॉकीटॉकीही ऐकू यावेत.

ऐकू येणं अवघड नाही. आपला हॅमचा यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) पट्टा 434 ते 438 मेगाहर्ट्झ, ते वॉकीटॉकी 446.0 ते 446.2 वर. अगदी भिंतीला भिंत. पाव तरंगलांबीची अँटेना 435 ला 17.2 सेंमी भरते, 446 ला 16.8. चार मिलिमीटरसाठी वेगळी अँटेना घेऊ नका, सेटसोबत येते ती रबरी पुरते.

घोळ होतो तो स्टेपमध्ये, म्हणजे सेट एका वेळी किती किलोहर्ट्झने पुढे सरकतो त्यात. त्यांचं पहिलं चॅनल 446.00625 वर, पुढचं 446.01875 वर. सेटमध्ये 6.25 किलोहर्ट्झची स्टेप असेल तर नेमकं लागतं. यासू कंपनीच्या एफटी-60 या हँडीत ती नाही. त्यावर 446.005 लावायचं, सव्वा किलोहर्ट्झ चुकतं, पण बोलणं कळतं. मोड नॅरो (अरुंद) ठेवा, नाहीतर आवाज बारीक येतो. आणि ऐकताना टोन डीकोड (ठरावीक सूर आला तरच आवाज सोडणारी सोय) बंद ठेवा. समोरच्याचा टोन जुळला नाही तर सेट तोंडच उघडत नाही आणि आपण बॅटरीला दोष देत बसतो.

मी पहिला सेट घेतला तो स्वस्तातला चिनी, सगळं रेडिओ एकाच चिपमध्ये. गावात छान चालायचा. सिंहगडावर दूरदर्शनच्या मनोऱ्याजवळ गेलो आणि मनोऱ्याच्या जोरदार सिग्नलपुढे तो ठार बहिरा. सिग्नलचे दांडे पूर्ण भरलेले, स्पीकरमध्ये चिडीचूप. पन्नास पावलांवर मित्र हात हलवून बोलतोय आणि मला काही नाही. खाली पुणे दरवाज्यापाशी उतरलो तेव्हा तोच सेट शहाण्यासारखा बोलायला लागला. म्हणून माझं मत, रिसीव्ह रेंजचे आकडे बघून भाळू नका. ते सगळेच मोठे छापतात. डबल कन्व्हर्जन सुपरहेटरोडाइन (सिग्नल दोन टप्प्यांत गाळून घेणारा) रिसीव्हर आहे का, ते विचारा. एफटी-60 मध्ये आहे, त्यामुळे जुना पण धड मिळाला तरी मी तोच घेईन.

आता जपायची गोष्ट. 446 वर तुम्ही फक्त ऐकायचं. ती विनापरवान्याची सूट कमी शक्तीच्या, त्याच कामासाठी बनवलेल्या सेटना आहे. पाच वॉटच्या हॅम हँडीला नाही, परवाना असला तरी. गंमत म्हणजे अमेरिकेसाठी बनवलेला एफटी-60 430 ते 450 पर्यंत प्रेषण करतो, म्हणजे चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की गेलंच हवेत. बाओफेंगसारखा चिनी सेट असेल तर संगणकावर चर्प या सेट प्रोग्राम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चॅनलचं डुप्लेक्स (प्रेषणाची सेटिंग) 'ऑफ' करून टाका, बटण दाबलं तरी काही होत नाही. ग्रुपला उत्तर द्यायचं असेल तर एक साधा 446 चा सेटही पिशवीत ठेवा.

डिजिटल वॉकीटॉकी यावर नुसते खरखरतील, आणि पोलिसांचं वगैरे ऐकायच्या नादाला लागू नका. त्यापेक्षा 437.800 मेमरीत टाका. अंतराळ स्थानकावरचा हॅम रिपीटर (आलेलं बोलणं पुन्हा प्रसारित करणारा सेट) चालू असेल तर डोक्यावरून जाताना याच हँडीवर ऐकू येतो. डॉप्लरमुळे (स्थानकाच्या वेगाने वारंवारता सरकते त्यामुळे) येताना दहाएक किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढंच खाली सरकतो.

जुना घेणार असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला घेऊन एखाद्या मनोऱ्याखाली उभे राहा, सेट तिथे बहिरा होतो का ते बघा.