टेक्ससमध्ये इंजिनीअरिंगच्या मुलांना इतिहास आणि गव्हर्नमेंट कशासाठी?

ताई, मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला असताना इतिहासाचे दोन आणि गव्हर्नमेंटचे (म्हणजे राज्यकारभाराचे) दोन कोर्स कशाला, आणि बारावी भारतात झाली म्हणून सूट मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. सूट विसरा. हा कॉलेजचा हट्ट नाही, टेक्ससचा कायदाच आहे. सरकारी विद्यापीठाची बॅचलर्स डिग्री हवी तर अमेरिकेच्या इतिहासाचे ६ आणि गव्हर्नमेंटचे ६ क्रेडिट (एका कोर्सचे ३) लागतातच, मेजर म्हणजे मुख्य विषय कुठलाही असो. मास्टर्सवाल्यांना ही कटकट नाही.

इतिहासात विशेष काही अडत नाही. १३०१ आणि १३०२ नंबरचे कोर्स घ्यायचे, झालं. त्यातले ३ क्रेडिट टेक्ससच्या इतिहासाचे असले तरी चालतात.

खरी मेख गव्हर्नमेंटमध्ये आहे. कायद्याला अमेरिकेच्या राज्यघटनेबरोबर टेक्ससचीही घटना शिकवलेली हवी असते. बहुतेक ठिकाणी २३०५ म्हणजे केंद्राचं आणि २३०६ म्हणजे टेक्ससचं. शाळेत एपी (शाळेतच कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा) गव्हर्नमेंट केलेली मुलं समजतात सुटलो, पण त्या परीक्षेत टेक्सस नसतंच. दुसऱ्या राज्यातून ट्रान्सफर घेऊन येणाऱ्यांचंही तेच. मग शेवटच्या सेमिस्टरला, नोकरीची ऑफर हातात असताना, एवढा एक कोर्स राहिलेला निघतो.

तो कंटाळवाणा असेल असं मात्र समजू नका. १८७६ ची घटना, तिला ५०० हून जास्त दुरुस्त्या. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षीच, तेही जास्तीत जास्त १४० दिवस. आणि न्यायाधीश चक्क पक्षाच्या नावावर निवडून येतात! आपल्याकडच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकावर वाढलेल्याला हे वाचताना मजा येते.

उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) हे कोर्स स्वस्तात होतात. फक्त दोन्ही गव्हर्नमेंट एकाच ठिकाणी करा. काही विद्यापीठं केंद्र आणि टेक्सस एकाच कोर्समध्ये मिसळून शिकवतात. तिथला एक आणि बाहेरचा एक घेतला की जुळत नाही. नाव नोंदवण्याआधी ॲडव्हायझरकडून ईमेलवर होकार घ्या, तोंडी नको.

फ्लोरिडात जाणाऱ्या भाचीबद्दलही विचारलं होतंत. तिथे सरकारी कॉलेजात नागरिकशास्त्राचा कोर्स आणि परीक्षा दोन्ही लागतात. परीक्षेत ८० प्रश्न, ४८ बरोबर आले की पास.