गणवेश हवा, पण त्याची सक्ती पोरांवर नको

शाळेत गणवेश सक्तीचा असावा का, असं तुम्ही विचारलंय. मी 22 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय, तेव्हा माझं उत्तर तिथलंच. गणवेश असावाच. पण तो अंगावर नाही म्हणून एकाही मुलाला वेगळं काढू नये.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ते केलंय. आषाढाची झड लागली होती. तिसरीतला एक मुलगा रंगीत टी-शर्ट घालून आला आणि मी त्याला परिपाठाला रांगेबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, तर चुलीवरच्या दोरीला त्याचा पांढरा शर्ट टांगलेला. एकच जोड होता. आई म्हणाली, "गुरुजी, दोन दिस झाले, वाळंनाच बघा." अजून आठवलं की वाईट वाटतं.

गणवेशाने भेद मिटतो म्हणतात. आमच्याकडे तर कित्येक वर्षं गणवेश वाटतानाच भेद व्हायचा. समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना, आणि मुलग्यांपैकी फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्यांना दोन जोड मिळायचे, एका जोडाला 300 रुपये धरून. यादी वाचली की एका बाकावरच्या दोघांतला एक उठून यायचा, दुसरा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. "गुरुजी, माझं नाव?" त्याच्या बापाकडेही दीड एकर कोरडवाहूच, पण यादीत नाव नाही. सात वर्षांच्या पोराला काय समजावणार? आणि ज्याला मिळाला, त्याची जात वर्गासमोर यायची ती वेगळीच. 2023-24 पासून राज्याने उरलेल्या मुलग्यांनाही गणवेश द्यायला घेतले. माझ्या लेखी गणवेशाबाबत इतका मोलाचा निर्णय दुसरा नाही.

पुढच्या वर्षी 'एक राज्य, एक गणवेश' आलं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, शिलाई महिला बचत गटांकडे. हेतू चांगलाच होता. पण सगळा कारभार राज्यपातळीवरून चालवायला गेल्यावर राज्यात अनेक ठिकाणी शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी कपडे पोचले नाहीत, आणि आलेले मापात बसेनात अशा तक्रारी झाल्या. 2025-26 पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं, ते बरं झालं. गावचा शिंपी पोराला समोर उभं करून माप घेतो, पँटच्या खाली चार बोटं दुमड ठेवतो. दिवाळीनंतर पँट आखूड व्हायला लागली की आई ती दुमड उसवते. मग तळाला एक गडद पट्टा दिसतो, तेवढाच न विटलेला. त्या चार बोटांवर अजून एक वर्ष निघतं.

म्हणून सक्ती करायचीच, तर ती देणाऱ्यावर करा: शाळा उघडेल त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या मापाचे दोन जोड. खासगी शाळा ठरावीक दुकानातूनच घ्या म्हणत असेल, तर पालकांनी सभेत उभं राहून कारण विचारावं.

माझ्या वर्गाच्या कपाटात आता धुतलेले पाच-सहा जुने गणवेश असतात. मोठी झालेली मुलं देऊन जातात. पावसात भिजून कुणी आलं की परिपाठाच्या आधी त्यातलाच एक अंगावर चढवतो.