इंग्रजीतले समुद्रकिनाऱ्याचे आणि दर्यावर्दी जीवनाचे जुने शब्द कोणते? ('बीच' आणि 'शोर' सोडून. एका जुन्या कादंबरीच्या अनुवादासाठी हवे आहेत.)

'बीच' सोडा म्हणालात, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत दिसायला लागला तेव्हा त्याचा अर्थ किनारा नव्हताच. लाटांनी घासून गुळगुळीत झालेले गोटे म्हणजे बीच. दक्षिण इंग्लंडमध्ये डॉर्सेटला 'चेसिल बीच' आहे, सुमारे २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा नैसर्गिक बांध. 'चेसिल' हा अँग्लो-सॅक्सन काळातला खडीसाठीचा शब्द, तेव्हा नावात गोटे दोनदा आले. पश्चिम टोकाला हे गोटे वाटाण्याएवढे, पूर्वेला पोर्टलंडकडे जावं तसे वाढत वाढत बटाट्याएवढे होतात. काळोख्या रात्री होडी कुठे लागली हे तिथले मच्छीमार, आणि चोरटा माल उतरवणारेही, हातात गोटा घेऊन ओळखत असं सांगतात.

किनाऱ्यासाठीचा खरा जुना शब्द 'स्ट्रँड'. जहाज किनाऱ्याला रुतलं की ते 'स्ट्रँडेड'. आता विमानतळावर अडकलेले प्रवासीही तेच. लंडनचा स्ट्रँड रस्ता एके काळी खरोखर टेम्सच्या काठाने जायचा. १८६०च्या दशकात तिथे बांध घालायला घेतला आणि नदी लांब गेली, नाव मात्र राहिलं. होड्या लावायच्या जागेला 'हाइद' म्हणत. केंटमध्ये त्या नावाचं गाव आहे, लंडनमध्ये रॉदरहाइद आहे, आणि लँबेथ म्हणजे मुळात कोकरं उतरवायचा धक्का! नॉरफकमध्ये धक्क्याला 'स्टेद' म्हणतात. समुद्रात घुसलेल्या भूशिराला 'नेस', जसं डंजनेस.

आता माझ्या आवडीचे चार शब्द. मी सागरी विम्याच्या दाव्यांचं काम करतो, त्यामुळे हे माझ्यासाठी कोशातले नाहीत, रोजचे आहेत. जहाज फुटल्यावर आपोआप तरंगत आलेला माल 'फ्लॉट्सम'. बुडायची वेळ आली म्हणून जहाज हलकं करायला खलाशांनी मुद्दाम फेकलेला 'जेट्सम'. फेकलाय, तळाशी गेलाय, पण पुन्हा काढता यावा म्हणून त्याला खुणेचा तरंगता ठोकळा बांधून ठेवलाय, तो 'लॅगन'. आणि परत येण्याची आशाच न ठेवता सोडून दिलेलं जहाज वा माल 'डेरेलिक्ट'. लेखक मंडळी पहिले दोन जोडीने 'किरकोळ कचरा' अशा अर्थी वापरतात तेव्हा मला थोडं वाईट वाटतं, कारण फरक पैशाचा आहे. सगळ्यांचं वाचावं म्हणून एकाचा माल समुद्रात फेकला, तर त्याचं नुकसान जहाजमालक आणि उरलेल्या मालाचे धनी मिळून वाटून घेतात. नुसताच वाहून गेला, तर ज्याचं त्याने बघायचं.

हे वाद जुने आहेत. १२७५च्या इंग्लिश कायद्यात असं कलम होतं की जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटलं, तर ते जहाज बेवारस धरायचं नाही. मालकाला दावा सांगायला एक वर्ष आणि एक दिवस द्यायचा. एका मांजरावर अख्खं जहाज!

हे चारही शब्द ब्रिटनच्या १९९५च्या कायद्यात अजून जसेच्या तसे आहेत. जानेवारी २००७मध्ये 'एमएससी नापोली' हे वादळात तडा गेलेलं कंटेनर जहाज डेव्हनमधल्या ब्रॅन्सकमजवळ मुद्दाम उथळ पाण्यात आणून टेकवलं. कंटेनर किनाऱ्याला लागले आणि लोकांची झुंबड उडाली. कोणी बीएमडब्ल्यूच्या कोऱ्या मोटरसायकली ढकलत नेल्या, कोणी दारूची पिंपं, कोणी तान्ह्या बाळांच्या लंगोटांचे गठ्ठे. 'सापडलं ते आपलं' असा त्यांचा समज. कायदा सांगतो, 'रिसीव्हर ऑफ रेक' नावाच्या अधिकाऱ्याला २८ दिवसांत कळवा, नाहीतर गुन्हा.

'रेक' म्हणजे फुटलेलं जहाज आणि त्यातून आलेला माल. त्याचाच भाऊबंद 'रॅक', म्हणजे भरतीने किनाऱ्यावर आणून टाकलेलं शेवाळ. आणि 'केल्प' आज समुद्री वनस्पतीचं नाव असलं तरी त्या जाळून उरलेल्या राखेलाही केल्पच म्हणत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी आणि हेब्रिडीज बेटांवर अठराव्या शतकात ती राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकून जमीनदार गब्बर झाले. एक टन राखेला साधारण वीस टन ओलं शेवाळ लागे. ते गोळा करून जाळायचं काम कुळांचं.

तुम्ही जुन्या कादंबरीचा अनुवाद करताय असं लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी. 'फॅदम'ला सहा फूट लिहू नका, आपल्या कोळ्यांचा 'वाव' तेच माप आहे: दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाण्याची खोली शिशाचा गोळा बांधलेल्या दोरीने मोजत. दोरीवर दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, पाचावर पांढरी चिंधी, सातावर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापड वेगवेगळ्या पोताचं, म्हणजे अंधारातही बोटांना कळावं. गोळ्याच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरायची. तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे तिला चिकटून वर येत आणि तळ कसला आहे हे कळे.

दुसरं म्हणजे भरती. 'स्प्रिंग टाइड'चा वसंताशी संबंध नाही, ते अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. 'नीप' हा हजार वर्षांपूर्वीचा शब्द, आपली अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. कादंबरीत जहाज 'नीप्ड' झालं असं आलं, तर ते उधाणाच्या ऐन पाण्यात वर चढून रुतलंय आणि पुढची भरती तिथवर पोचत नाहीये, असा अर्थ घ्या. अशा वेळी खलाशी निदान पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे सुमारे पंधरवडाभर, तिथेच बसून असत.