खिडकी उघडत का नाही? एसएसएचवरून येणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेचे बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: एसएसएचने (दूरच्या यंत्रावर कूटबद्ध जोडणीने काम करायचं साधन) दूरच्या लिनक्स यंत्रावर शिरलो, पण तिथल्या प्रोग्रॅमची खिडकी इथे आपल्या पडद्यावर येत नाही. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची, आणि कॅपिटल म्हटलंय तिथे कॅपिटलच.

विंडोज लॅपटॉपवरून पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्रॅम वापरून विभागाच्या लिनक्स सर्व्हरवर जाते. जीएडिट हा मजकूर-संपादक उघडला की ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. मित्राने सांगितलं म्हणून डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये (खिडकी कुठल्या पडद्यावर काढायची ते सांगणारी नोंद) लॅपटॉपचा आयपी पत्ता घालून बॅशआरसी या शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत लिहून ठेवलाय. तरी तेच. (एम.टेक. विद्यार्थिनी, पुणे)

आधी बॅशआरसीतली ती ओळ उडवा. मित्राचा हेतू चांगला होता, पण या ओळीने जितकी माणसं छळलीत तितकी दुसऱ्या कशाने नाहीत.

गोंधळाचं मूळ नावात आहे. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स या व्यवस्थेत ‘सर्व्हर’ म्हणजे ज्याच्याकडे पडदा, कीबोर्ड आणि माउस आहे तो. म्हणजे तुमचा लॅपटॉप. विभागातलं ते खोलीभर आवाज करणारं यंत्र इथे क्लायंट: ते पडद्यावर चित्र काढून द्या म्हणून विनंती करतं. एमआयटीत १९८४ मध्ये एक्सचं काम सुरू झालं, आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि तेव्हापासून प्रत्येक नवा माणूस इथे एकदा अडखळतोच.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की तुमच्या लॅपटॉपवर एक्स सर्व्हर चालू आहे का? पुट्टी तो देत नाही. व्हीसीएक्सएसआरव्ही हा एक्स सर्व्हर टाका, किंवा मोबाएक्सटर्म घ्या, त्यात एसएसएच आणि एक्स सर्व्हर दोन्ही एकत्र येतात. पुट्टीच ठेवायची असेल तर कनेक्शन, त्याखाली एसएसएच, त्याखाली एक्स-११ इथली फॉरवर्डिंगची चौकट टिक करा. ही टिक जोडणी उघडण्याआधी करायची. चालू असलेल्या जोडणीला ती लागू होत नाही.

मग आत जाऊन एकच गोष्ट विचारा: एको, जागा, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून कॅपिटलमध्ये डिस्प्ले. उत्तर ‘लोकलहोस्ट:१०.०’ असं काहीसं आलं पाहिजे. हे म्हणजे एक दार, आणि ते तुम्ही नाही, तिथल्या एसएसएच सर्व्हरने तुमच्यासाठी उघडलेलं असतं. खऱ्या पडद्यांशी टक्कर नको म्हणून मोजणी दहापासून, आणि त्यामागे पोर्ट ६०१०. जीएडिट त्या दारात चित्र टाकतं आणि ते कूटबद्ध बोगद्यातून तुमच्यापर्यंत येतं. तुम्ही तिथे आयपी पत्ता लिहिलात म्हणजे जीएडिटला बोगदा सोडून उघड्या रस्त्याने पाठवलंत. फायरवॉलने अडवलं ते बरंच झालं, नाहीतर तुमचं टायपिंग साध्या मजकुरात वाहत गेलं असतं.

उत्तर रिकामं आलं तर सर्व्हरने नकार दिलाय. एकतर एसएसएचडी-कॉन्फिग या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत एक्स-११-फॉरवर्डिंग बंद आहे, किंवा त्या यंत्रावर परवान्याची नोंद ठेवणारा एक्सऑथ हा छोटासा प्रोग्रॅमच नाही. दुसरं कारण फार वेळा निघतं. सर्व्हर म्हणून मोजकंच बसवलेल्या लिनक्समध्ये ‘पडदा नाही, मग हे कशाला’ असं म्हणून तो गाळलेला असतो. कधी आयपीव्ही-६ बंद केल्यामुळेही हे होतं. तेव्हा त्याच फाइलीत ॲड्रेसफॅमिलीपुढे आयनेट लिहून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. तिन्ही गोष्टी ॲडमिनच्या हातात. त्यांना ‘चालत नाही’ असं न सांगता ‘डिस्प्ले रिकामा येतोय’ असं सांगा, काम लवकर होईल.

स्वतःच्या नावाने सगळं उघडतं. सुडो लावून (म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याने) डिस्कचे भाग करणारं जीपार्टेड चालवलं की ‘राँग ऑथेंटिकेशन’. (नाशिक)

तुमचं दार शाबूत आहे, पास चुकतोय. प्रत्येक जोडणीला एक कुकी मिळते: सोळा-आधारी ३२ अंकांची ओळ, जी तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-एक्सऑथॉरिटी या फाइलीत बसते. जीपार्टेड रूट म्हणून धावतं तेव्हा रूटच्या घरात तो पास शोधतं. तिथे तो कसा असेल?

सुडोनंतर, जीपार्टेडच्या आधी, कॅपिटलमध्ये एक्सऑथॉरिटी, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह आणि तुमच्या त्या फाइलीचा पूर्ण पत्ता, असं लिहा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. होम फोल्डर नेटवर्कवरून येत असेल तर रूटलाही ती फाइल वाचता येत नाही. मग स्वतःच्या नावाने ‘एक्सऑथ लिस्ट’ करून आपल्या डिस्प्लेची ओळ उचला, आणि रूट होऊन ‘एक्सऑथ ॲड’पुढे ती जशीच्या तशी चिकटवा.

यातली गंमत अशी, की दूरच्या यंत्रावरची ती कुकी मुळात बनावट असते. एसएसएच मुद्दाम खोटी पाठवतं आणि बोगद्याच्या तुमच्या टोकाला ती तपासून तिच्याजागी खरी ठेवतं. म्हणूनच ‘एक्सहोस्ट प्लस करून टाक’ (म्हणजे एक्स सर्व्हर कुणालाही उघडा कर) हा सल्ला इथे दुप्पट वाईट. पहारेकरी घरी पाठवायचा, आणि हाती काही लागायचं नाही, कारण नकार एसएसएचने दिलाय. गोष्ट एक्स सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नसते.

काल चालत होतं, आज नाही. मी काहीही बदललेलं नाही. (छत्रपती संभाजीनगर)

हे वाक्य मीही म्हणालोय. एका जुन्या नोकरीत अर्धा दिवस एसएसएचडी-कॉन्फिग उलटीपालटी केली. शेवटी लॉगिनच्या वेळी वर सरकून जाणारी एक ओळ नीट वाचली: एक्सऑथला फाइल लॉक करता येत नव्हती. होम फोल्डरचा कोटा भरला होता. कुकी लिहायला जागाच नव्हती, म्हणून पास नाही, म्हणून खिडकी नाही. जुने लॉग उडवले आणि पुन्हा लॉगिन केलं, झालं. तेव्हा आधी कोटा बघा. जागा असूनही लॉकची तक्रार येत असेल तर डॉट-एक्सऑथॉरिटीच्या नावामागे डॅश-सी आणि डॅश-एल लागलेल्या दोन शिळ्या फाइली पडल्यात का पाहा, आणि काढा.

टीमक्स (जोडणी तुटली तरी शेल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर कारण वेगळं. टीमक्समधलं शेल कालच्या जोडणीचा डिस्प्ले धरून बसलेलं असतं. काल दार दहा होतं, आज अकरा मिळालं, आणि शेल अजून दहावरच टकटक करतंय. टीमक्सच्या बाहेर नवा डिस्प्ले पाहा आणि आत एक्सपोर्ट करा. डिस्प्ले हाताने लिहायची मी परवानगी देतो ती एवढ्या एकाच ठिकाणी.

मॅकवर एक्सक्वार्ट्झ हा एक्स सर्व्हर आहे. सुरुवातीला खिडक्या उघडतात, पण थोड्या वेळाने नवी उघडायला गेलं की नकार. (ठाणे)

घड्याळ लावून पाहिलंत तर वीस मिनिटं भरतील. एसएसएचला डॅश कॅपिटल एक्स दिलं की परक्या पाहुण्यासारखी वागणूक मिळते, आणि तिची मुदत मुळात २० मिनिटांची असते. उघड्या खिडक्या राहतात, नव्या येत नाहीत. डॅश कॅपिटल वाय द्या, मुदत जाते. मात्र मग तिकडच्या प्रोग्रॅमला तुमच्या एक्सवरच्या बाकी खिडक्यांतलं टायपिंगही वाचता येतं, तेव्हा ज्या यंत्रावर भरवसा आहे तिथेच. डेबियन आणि उबंटूवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे दोन्ही अक्षरांचा अर्थ एकच करून ठेवलाय.

जर्मनीतून पुण्याच्या सर्व्हरवर काम करतो. खिडकी उघडायला मिनिट लागतं. कॉम्प्रेशन लावलं, घरचं नेट १०० एमबीपीएस आहे, फरक शून्य. (म्युनिक)

पडायचा नाहीच. अडचण नळाच्या जाडीची नाही, लांबीची आहे. एक्सचा प्रोग्रॅम उघडताना सतत विचारत असतो: हा रंग आहे का, ही खिडकी कुठे ठेवू. बऱ्याच प्रश्नांना उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. एक खेप १५० मिलिसेकंदांची धरा आणि खेपा ४०० धरा. साठ सेकंद झाले. फायबरमधला प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरच जातो, तिथे कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

उपाय म्हणजे ती प्रश्नोत्तरं पुण्यातच उरकायची आणि तुमच्याकडे तयार चित्र आणायचं. एक्सप्रा किंवा एक्स-टू-गो नेमकं हेच करतात. वर जोडणी तुटली तरी प्रोग्रॅम मरत नाही. एक्सप्रा दोन्ही टोकांना बसवावं लागतं. आणि नुसता आलेख बघायचा असेल तर खिडकीचा हट्ट सोडा. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला एजीजी बॅकएंड सांगा, पीएनजी बनवा आणि ती उतरवून घ्या. ज्युपिटर (ब्राउझरमधून चालणारी कोडची वही) असेल तर एसएसएचच्या डॅश कॅपिटल एलने फक्त त्याचं पोर्ट आणा, ब्राउझर तुमचाच.

सगळं उघडतं, पण मराठी मजकुराच्या जागी चौकोन. लॅपटॉपवर मराठी फॉन्ट ढीगभर आहेत. (कोल्हापूर)

लॅपटॉपवर आहेत, पण लागतात तिकडे. पूर्वी अक्षरं एक्स सर्व्हर स्वतःकडच्या फॉन्टने काढायचा. आताचे प्रोग्रॅम चालतात तिथेच अक्षर रंगवतात आणि तयार ठसा पाठवतात, त्यामुळे फॉन्ट दूरच्या यंत्रावर हवा. ॲडमिनची वाट बघायची गरज नाही. नोटो किंवा लोहित देवनागरीची टीटीएफ फाइल तिकडच्या तुमच्या होममध्ये डॉट-लोकल, शेअर, फॉन्ट्स या फोल्डरात ठेवा आणि ‘एफसी-कॅश डॅश एफ’ चालवा. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. तरीही जोडाक्षरं फुटून ‘क्ष’चा क आणि ष वेगवेगळा दिसत असेल, तर तो प्रोग्रॅमच जुना आहे. त्याला फॉन्ट घालून सुधारता येत नाही.